मदत हवी आहे: फायफील्ड डाउनवरचे प्राचीन शेतबांध कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये विल्टशरला, मार्लबरोजवळ फायफील्ड डाउन हे चॉकचं (मऊ, पांढऱ्या चुनखडीचं) माळरान आहे. तिथे इतिहासपूर्व काळापासून रोमन काळापर्यंत कसलेल्या शेतांचे बांध अजून गवताखाली टिकून आहेत. उतारावर नांगरट झाली की माती सरकत खालच्या कडेला साठते आणि वरची कड झिजते. शतकानुशतकं असंच चालल्याने काही बांध माणसापेक्षा उंच झालेत! पुढे तिथे मुख्यतः मेंढ्या चरत राहिल्या, म्हणून हे सगळं वाचलं. 1920 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी हवाई छायाचित्रांतून अशी शेतं जगासमोर आणली.

माझी अडचण अशी की, त्याच माळावर मध्ययुगीन नांगरटीचे सरी-वरंबेही आहेत. ते लांब, अरुंद, समांतर. जुनी शेतं लहान आणि चौकोनी, इतपत कळतं. पण दोन्ही एकमेकांवर चढलेत तिथे आधीचं कोणतं, हे जमिनीवर उभं राहून कसं ठरवायचं? इंग्लंडचा सरकारी लायडार डेटा (विमानातून लेसरने मोजलेले जमिनीचे चढउतार) मोफत मिळतो. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर, उंचसखलपणा सावल्यांतून दिसावा म्हणून कृत्रिम प्रकाशाची दिशा आणि कोन किती ठेवावा? हिवाळ्यात, तिरप्या उन्हात जायचा विचार आहे. कुणी पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलं असेल किंवा तिकडे फिरलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा.