शब्दचर्चा : तसबीर, फोटो की तैलचित्र?

प्रश्न :
आजोळच्या माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी टांगलेली आहे. आजी तिला ‘तसबीर’ म्हणायची, आई ‘फोटो’ म्हणते. परवा एका प्रदर्शनात तशाच चित्राखाली ‘तैलचित्र’ अशी पाटी पाहिली. नेमकं काय म्हणावं?

उत्तर :
‘तैलचित्र’ तर नकोच. ते हाताने रंगवलेलं आणि एकुलतं एक असतं. तुमच्याकडची लक्ष्मी छापील आहे, तिला ओलिओग्राफ म्हणतात. या शब्दातलं ‘ओलिओ’ लॅटिनमधल्या तेलावरून आलं, म्हणून घोटाळा होतो. ही छपाई दगडावरून होते; प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकाच कागदावर एकामागून एक ठसे घेत जायचे आणि शेवटी वरून रोगण द्यायचं, की तैलरंगाची चमक आल्यासारखी वाटते. पोथ्यांसाठी आपण ‘शिळाछाप’ म्हणतोच. मी यालाही ‘रंगीत शिळाछाप’ लिहितो. भिंगातून गालावरची सावली पाहा, बारीक ठिपके दिसतील.

आणखी एक उत्तर :
छपाईबद्दल सहमत. पण आजीचा शब्द असा बाजूला ठेवू नका, खरी गोष्ट त्याच्यात आहे.

‘तसबीर’ अरबी ‘तस्वीर’वरून आली. ‘सूरत’ म्हणजे चेहरा, तोही त्याच धातूचा. म्हणजे तसबीर मुळात कुणाची तरी, समोर असलेल्या माणसाची. देव घरात असायचे ते टाक, मूर्ती किंवा तांदळा (म्हणजे अनघड दगड) या रूपांत. मग देवाची ‘तसबीर’ कशी झाली?

माझ्या मते याचं मोठं श्रेय रविवर्म्याचं. केरळातल्या किळिमानूरच्या या चित्रकाराने (1848–1906) युरोपीय पद्धतीचा छायाप्रकाश, अंगाची गोलाई, कापडाचा पोत हे सगळं पुराणातल्या व्यक्तींना दिलं. त्याची लक्ष्मी साडी नेसून कमळावर अशी उभी आहे, की चित्रकारापुढे कुणी बाई खरोखरच उभी राहिली असावी. देवीलाही सूरत मिळाली. ही चित्रं संस्थानिकांच्या महालातच राहिली असती. ती छापून घ्या, असं त्याला सुचवलं त्रावणकोर-बडोद्याचे एकेकाळचे दिवाण सर टी. माधवराव यांनी. 1894 मध्ये मुंबईत छापखाना निघाला, पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याच्या चित्रशाळेने 1878 पासून देवादिकांची चित्रं छापली होती, तेव्हा सगळी वाट एकट्या रविवर्म्याने पाडली असं म्हणू नये. पण ज्यांना देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या या छापांमुळे. हे मला त्याच्या सगळ्या पदकांहून मोठं वाटतं.

वापराचं म्हणाल तर चित्र ‘काढतात’, तसबीर ‘लावतात’. हार तसबिरीला घालतात, चित्राला नाही. चौकट, काच आणि भिंतीवरचा खिळा हे सगळं त्या शब्दात आलं. (सामान्यरूपात ‘बी’ ऱ्हस्व होते : तसबिरीला, तसबिरी.)

आईचा ‘फोटो’ही चूक मानू नका. कॅमेऱ्यापुढे लक्ष्मी कधी उभी राहिली नाही, तरी ‘लक्ष्मीचा फोटो’ म्हणताना कुणी अडखळत नाही. तो चेहरा आपल्याला इतका खरा वाटतो.

प्रश्नकर्ती :
भिंगातून पाहिलं, ठिपके आहेत. मात्र साडीच्या काठावर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. हेही छापखान्यातलं का?

उत्तर :
नाही. बहुधा ते घरच्याच कुणा बाईचं काम. अशा छापांवर जर, टिकल्या, कापड लावून देवीला नेसवायची पद्धत होती. काच काढू नका, टिकल्या सुटतील. आणि ‘शिळाछाप’चा माझा आग्रह मी इथे सोडतो. इतकं नटवल्यावर ती तुमच्या आजीची तसबीरच.