शाळेच्या इतिहासात भुताच्या गोष्टी छापाव्यात का?

सांजवात
आमच्या हायस्कूलला सव्वाशे वर्षं उलटून गेली, स्मरणिका निघते आहे. जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत प्लेगात गेलेला मुलगा रात्री पाढे म्हणतो, ही गोष्ट आईच्या पिढीपासून ऐकत आलोय. संपादक मंडळात काहींना ती नको आहे. माझ्या मते ती हवीच. १८९७ चा प्लेग म्हटलं की आपल्याला २२ जून, रँड आणि चापेकर बंधू आठवतात. सावित्रीबाई त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या, हेही वाचलेलं असतं. पण या बाकांवरची पोरंही गेली असतील, हे त्या पाढ्यांमुळेच मनात येतं.

खडूफळा
साफ असहमत. भुताला नाव नसतं, गाव नसतं. शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. तिथे मुलाचं नाव, जन्मतारीख आणि 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. त्या रकान्यातला 'मयत' हा एक शब्द तुमच्या पाढ्यांपेक्षा जास्त हलवून सोडतो. शनिवारवाड्याचंच बघा. 'काका मला वाचवा' पोरासोरांना पाठ, पण वाडा १८२८ च्या आगीत जळाला हे किती जणांना ठाऊक असतं?

सांजवात
त्या हाकेमुळेच तर ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचं काय झालं ते घराघरात माहीत आहे! उलट भिडेवाडा बघा. १८४८ साली मुलींची शाळा तिथे सुरू झाली, इतिहास कागदोपत्री पक्का. तरी भर पेठेत वर्षानुवर्षं पडझड होत राहिली आणि २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला. नुसत्या नोंदी माणसांना धरून ठेवत नाहीत.

खडूफळा
भिडेवाडा कोर्टकज्ज्यात अडकला होता. तिथे भूत असतं तरी खटला लवकर सुटला नसता.

पायरीवरची
माझे वडील एका जुन्या शाळेत शिपाई होते, आम्ही आवारातच राहायचो. रात्री वरच्या मजल्यावर कडकड आवाज यायचा. दिवसभर तापलेले पत्रे आणि तुळया गार होताना आकसतात, त्याचा तो आवाज. माळ्यावर गव्हाणी घुबडं होती. पांढरं तोंड आणि किंकाळीसारखं ओरडणं. नवखा माणूस घाबरणारच. वडील कंदील घेऊन रोज फेरी मारायचे. हे सगळं खुशाल छापा, मजेने वाचतील.

पण आमच्या विहिरीत एक मुलगी बुडाली होती. वर्षभरात पोरांनी तिची हडळ केली. तिची आई बाजाराला जाताना शाळेवरचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने जायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांचे आईबाप, भावंडं अजून हयात आहेत अशा मृत्यूंच्या गोष्टी कृपा करून छापू नका.

सांजवात
पायरीवरची, हे पटलं. आमच्याकडेही विहिरीची एक गोष्ट आलीय, ती मी स्वतः काढायला लावते. प्लेगच्या मुलाची मात्र ठेवणार.

खडूफळा
ठेवा, पण समोरच्या पानावर त्या वर्षांचं रजिस्टर छापा. मुलगा खरा असेल तर नावानिशी सापडेल.

सांजवात
त्या काळातले शेरे मोडीत आहेत, आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाहीत.

खडूफळा
मला येते. पानांचे फोटो पाठवा. नाव सापडलं नाही, तर माझा विरोध कायम.