ओढ्याच्या काठाची तब्येत तपासायची कशी?

ओढ्याकाठची (खारघर)
नमस्कार मंडळी. खारघरच्या डोंगरातून उतरणारा एक ओढा आमच्या सोसायटीच्या मागून जातो. वर नुसते दगडधोंडे, सपाटीला आला की दोन्ही बाजूंना माती. आम्ही काही जणी रोज तिकडे चालायला जातो. आता सोसायटीत टूम निघालीये, काठ ‘सुशोभित’ करायचा. भिंत, लॉन, बाकडी. नुसतं ‘निसर्ग निसर्ग’ केलं तर मीटिंगमध्ये कोणी ऐकत नाही, म्हणून काठाची रीतसर नोंद ठेवायची ठरवलंय. नेटवर कॅनडातल्या अल्बर्टाचा, काठाची तब्येत तपासायचा फॉर्म मिळाला. 80 टक्के किंवा जास्त गुण म्हणजे निरोगी, 60 ते 79 म्हणजे निरोगी पण तक्रारी, 60 च्या खाली आजारी. पण त्यात विलो आणि पॉप्लर ही तिकडची झाडं विचारतात! इथे काय भरू? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं यंत्र घरात आहे, त्यावर भागेल का? आणि मे महिन्यात आमचा ओढा वरच्या बाजूला कोरडाठाक असतो. म्हणजे नापासच का?

निवृत्त_मास्तर (ठाणे)
ताई, यंत्र राहू द्या घरी. ते आजच्या पाण्याचं सांगेल, काठाचं काही सांगणार नाही.

आधी मे महिन्याचं. आपला सगळा पाऊस जून ते सप्टेंबरचा आणि डोंगर काळ्या पाषाणाचा. छोटा ओढा उन्हाळ्यात आटणारच, त्याचे गुण कापू नका. उलट सपाटीवरचा ओढा भर मे महिन्यात खळखळ वाहत असेल तर वर जाऊन कुणाच्या ड्रेनेजचा पाईप त्यात सोडलाय ते बघा. हिरवळीचंही तसंच. सांडपाण्यावर अळू आणि जलपर्णी अशी माजते की लांबून बघणारा म्हणेल, वा, काय हिरवागार काठ!

विलोचा आपला भाऊबंद म्हणजे वाळुंज, पण तो घाटावरच्या नद्यांकाठी जास्त. तुम्ही त्या रकान्यात उंबर, करंज, जांभूळ धरा. दगडांत शेरणी दिसतेय का पाहा. कमरेएवढं झुडूप, लांब चिवट फांद्या, पानं कण्हेरीसारखी अरुंद. पुरात सगळी आडवी होते आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी. तिची मुळं दगडांच्या फटीत इतकी घट्ट गेलेली असतात की हाताने उपटून दाखवा. ती जिथे आहे तिथला गाळ सहसा हलत नाही.

मी स्वतः काठावर गेलो की आधी रोपं शोधतो. मोठा उंबर सगळ्यांनाच दिसतो. त्याच्या खाली वीतभर, गुडघाभर, डोक्याएवढी अशी वेगवेगळ्या वयाची रोपं आहेत का? मोठी झाडं आहेत आणि रोपं नाहीत, तर तो काठ चाकरमानी मुंबईला गेलेल्या गावासारखा, आज घरं उभी आहेत इतकंच. रोपं असली तर शेंडे बघा. शेंडा ओबडधोबड तुटलेला आणि खालून झुडपासारखे फुटवे म्हणजे शेळ्या. कोयत्याचा घाव वेगळा ओळखू येतो, सपाट असतो.

मग उघडी माती. खडक उघडा असला तर तो दोष नाही, तो तसाच असायचा. माणसांच्या पायवाटेने, जेसीबीने, राडारोड्याने उघडी पडलेली माती तेवढी मोजा. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ यांनी किती काठ व्यापलाय ते वेगळं लिहा, कारण ही मंडळी हिरवी दिसतात आणि खाली दुसरं काही उगवू देत नाहीत.

काठ खचतोय का हे डोळ्यांनी कळत नाही. लोखंडी सळई काठाच्या उभ्या मातीत आडवी ठोकायची, टोक मातीशी समतल. पावसाळ्यानंतर जेवढी बाहेर दिसेल तेवढी माती गेली. सळईवर काळा रंग मारून टाका, नाहीतर भंगारवाला तुमच्या आधी मोजणी करून जाईल.

शंभरेक मीटरचा एकच पट्टा धरा. वर्षातून दोनदा जा, दसरा-दिवाळीच्या दरम्यान आणि वळवाच्या आधी. फोटो दर वेळी त्याच जागेवरून, फोटोत रस्त्याखालच्या मोरीचा कठडा किंवा विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी यायलाच हवं. अल्बर्टावाल्यांची टक्केवारी जशीच्या तशी इथे लावू नका. तुमचा यंदाचा काठ आणि पुढच्या वर्षीचा काठ, तुलना तेवढीच.

सेक्टर_बारा
एवढं सगळं करून शेवटी भिंत होणारच. आणि खरं सांगू का, 26 जुलै पाहिलेल्या माणसाला भिंत बरीच वाटते.

निवृत्त_मास्तर (ठाणे)
2005 ची गोष्ट करताय. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तसल्या पावसात कुठलाच काठ पुरा पडत नाही. पण भिंतीने पाणी कमी होत नाही हो, ते वेगाने खाली जातं. आणि खाली खाडीला भरती असली की जाणार कुठे? तुमच्या नवी मुंबईत भरती ओसरेपर्यंत पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव उगाच नाही ठेवलेले. मातीचा काठ आणि त्यावरची झाडं पाणी पसरू देतात, वेग मारतात. लॉनची मुळं बोटभर खोल, ती काय धरणार?

ओवेकर
मास्तरांनी झाडांचं सांगितलं, मी माशांचं सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात मासे उलट्या धारेने वर चढतात, आम्ही त्याला वलगण म्हणतो. आमच्या घरातली म्हातारी माणसं रात्री बत्ती घेऊन जायची. ताई, तुमच्याकडे रस्त्याखालच्या मोरीचा पाईप बघा. पाण्याच्या वर हवेत लटकत असेल तर मासा तिथेच थांबला, वरचा काठ कितीही चांगला असो. पाईपच्या तोंडापासून खालच्या पाण्यापर्यंतची उंची लिहून ठेवा, तळ खरवडत गेला की ती वाढत जाते. आणि दगड उचलून चिंबोऱ्या आहेत का तेही बघा, पण दगड होता तसा परत ठेवा.

ओढ्याकाठची (खारघर)
मास्तर, दादा, खूप आभार. आजच जाऊन पाहिलं. पाईप लटकतोय, माझ्या गुडघ्याइतका. मोठ्या करंजाखाली रोपं भरपूर आहेत पण सगळी वीतभरच, त्याच्या वरची एकही नाही. शेळ्या या बाजूला येत नाहीत. मग हे काय असेल?

निवृत्त_मास्तर (ठाणे)
सोसायटीचा माळी दर पावसाळ्यानंतर गवत कापायचं मशीन फिरवतो का? फिरवत असेल तर उत्तर तेच. मीटिंगमध्ये भिंतीचं नंतर बोला, आधी काठापासून पाच मीटर मशीन बंद एवढा ठराव करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून कदाचित मंजूर होईल. रोपांना चिंधी बांधून ठेवा म्हणजे माळ्याला दिसतील.

आणि दसऱ्यानंतर गवतात उतरताना गम बूट घाला. फुरसं त्या दिवसांत दगडांवर उन्हाला येतं.