घरी वाढवलेले गोल्डनडूडलचे पिल्लू घेताना ब्रीडरला नेमके काय विचारावे?

रानजाई (न्यू जर्सी):
नमस्कार. घरी आठ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि निम्मे वर्ष आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई असून, मुलांच्या आग्रहापुढे हात टेकून आम्ही गोल्डनडूडल (गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांचा संकर) घेण्याचे जवळजवळ ठरवले आहे. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातल्या एका कुटुंबाशी बोलणे झाले. पिल्ले घरातच, मुलांच्या अंगाखांद्यावर वाढतात, आईवडील दोघेही पशुवैद्याकडून तपासलेले आहेत आणि पिल्ले एफ-१-बी असल्यामुळे ॲलर्जीची चिंता नको, असे ते सांगतात. किंमत २,८०० डॉलर असून त्यातले ५०० आधी भरायचे आहेत. पिल्लू निम्म्या वाटेवर आणून देऊ, म्हणजे तुमची फेरी वाचेल, असेही ते म्हणाले. यजमानांना धुळीची ॲलर्जी आहे. अनामत भरण्यापूर्वी काय पाहावे?

ओसरी (नॉर्थ कॅरोलायना):
आमच्याकडे दोन माद्या आहेत आणि वर्षाला फार तर एक वेत होते, त्यामुळे आतल्या बाजूने सांगते. ‘पशुवैद्याकडून तपासलेले’ या शब्दांना फारसे वजन नाही. लस टोचताना डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तरी ते विधान खरेच ठरते. गोल्डन आणि पूडल या दोन्ही जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष आढळतो, म्हणून त्याचे एक्स-रे काढून ओएफए या संस्थेकडून प्रतवारी करून घेतात, आणि अंतिम प्रतवारी कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच मिळते. दीड वर्षाच्या मादीला पिल्ले झाली असतील, तर ती प्रतवारी झाल्याशिवायच तिचा नराशी संयोग करवला, हे उघड आहे. पेनहिप ही दुसरी पद्धत १६ आठवड्यांच्या वयापासून करता येते; ती केली असल्यास तिचा अहवाल मागावा. याखेरीज कोपर, हृदय आणि डोळे तपासलेले असावेत, आणि डोळ्यांची तपासणी दरवर्षी नव्याने झालेली असावी. दोन्ही पालकांची नोंदणीकृत नावे किंवा ओएफए क्रमांक मिळाले की त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाहीर केलेले निकाल कोणालाही पाहता येतात. नावे देण्यास कोणी का-कू करू लागले, तर तेथेच थांबावे.

एफ-१-बीविषयी एक गोष्ट बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. गोल्डन आणि पूडल यांचे पहिले पिल्लू म्हणजे एफ-१. त्याचा संयोग पुन्हा पूडलशी केला की एफ-१-बी मिळते, आणि त्यात सरासरी तीन चतुर्थांश वाटा पूडलचा असतो. ज्या दोषाचे जनुक दोन्ही पालकांकडून यावे लागते तो संकरात दडून राहतो हे खरे, परंतु पूडलचे रक्त दोन्ही बाजूंनी आले की ती ढाल निकामी होते. म्हणून रक्त नीट न गोठण्याचा व्हॉन विलेब्रँड विकार आणि दृष्टी हळूहळू नेणारा पीआरए यांच्या डीएनए चाचण्या आई आणि वडील दोघांच्याही झालेल्या हव्यात.

घरात वाढवणे म्हणजे केवळ घराच्या छपराखाली ठेवणे नव्हे. तिसऱ्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत पिल्लाच्या बोटांमध्ये कापसाच्या काडीने गुदगुल्या करणे, त्याला क्षणभर उताणे धरणे, गार ओलसर टॉवेलवर ठेवणे असे तीन ते पाच सेकंदांचे व्यायाम आम्हीही देतो, परंतु त्यांचा गवगवा कामापेक्षा जास्त आहे असे माझे मत आहे. खरे काम तिसऱ्या आठवड्यानंतर सुरू होते. त्या सुमारास पिल्ले झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन शी-शू करू लागतात, म्हणून कप्प्याच्या एका टोकाला लाकडी भुश्याच्या गोळ्यांचा ट्रे ठेवतो. ज्याला ही सवय लागते ते पिल्लू नव्या घरी लवकर शिकते. मिक्सर, कुकरची शिट्टी, व्हॅक्यूम, गुळगुळीत फरशी, खडी, काठी टेकत येणारे शेजारी आजोबा यांची ओळख आम्ही एकेक करून देतो, आणि प्रत्येक पिल्लाला रोज थोडा वेळ भावंडांपासून वेगळे घेतो. तुमच्या विक्रेत्याला ‘सामाजिकीकरण करता का’ असे न विचारता, ‘काल पिल्लांनी नवीन काय पाहिले’ असे विचारा. जो खरेच हे करतो, त्याच्याकडे सांगण्यासारखे भरपूर असते.

खुराडे_नको (पेनसिल्व्हेनिया):
निम्म्या वाटेवर पिल्लू देण्याच्या प्रस्तावाला कृपया नकार द्यावा. आई आणि तिची जागा न पाहता पिल्लू घेऊ नये, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मी फसवणूक टळते. आमच्या राज्यात वर्षभरात एकूण २६ किंवा अधिक कुत्रे ठेवणाऱ्याला केनेलचा परवाना घ्यावा लागतो आणि अशा केनेलच्या तपासणीचे अहवाल कृषी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. दुसरीकडे, पैदाशीच्या माद्या चार किंवा त्याहून कमी असतील आणि पिल्ले तेथेच जन्मलेली व वाढवलेली असतील, तर केंद्रीय परवान्याची गरज नसते. म्हणजे अगदी लहान, घरगुती ब्रीडरच्या दारात कोणी तपासनीस येतोच असे नाही, आणि तपासनिसाचे काम तुम्हालाच करावे लागते.

पशुमित्र (टेक्सास):
मी पशुवैद्यक आहे. ॲलर्जी केसांमुळे होत नाही. कुत्र्याची लाळ आणि कोंडा यांतील कॅन एफ १ यांसारखी प्रथिने तिला कारणीभूत असतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ॲलर्जी न देणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या लॅब्राडूडल (लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर) आणि पूडलसारख्या कुत्र्यांच्या घरांतील हवेत या प्रथिनाचे प्रमाण इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळले नाही. ज्या संकरापासून हे सारे वेड पसरले, तो लॅब्राडूडल ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवाईतील एका अंध महिलेसाठी केला होता, कारण तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. पिल्लांचे केस आणि लाळ त्या पतीकडे पाठवल्यावर तीनपैकी एकच पिल्लू त्याला सोसले. तेव्हा यजमानांनी ब्रीडरच्या घरी जाऊन तास-दोन तास त्याच पिल्लांसोबत आणि त्यांच्या आईसोबत बसावे, आणि शक्य असल्यास पुन्हा एकदा जावे. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नये, आणि जंतनाशक व पहिली लस कोणत्या तारखेला दिली हे लेखी घ्यावे. केस गळत नाहीत याचा अर्थ ते गुंततात असाही होतो. कानामागे आणि काखेत घट्ट जटा होतात, त्यामुळे रोजचे विंचरणे आणि सहा ते आठ आठवड्यांनी कातरणे हा खर्च किमतीच्या बाहेरचा आहे, तो आधीच मोजावा.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. नावे मागितल्यावर ‘कागद पहिल्या मालकाकडे राहिले’ असे उत्तर आले, आणि घरी येऊन आईला पाहायचे म्हटल्यावर ती बहिणीकडे असल्याचे कळले. अनामत भरलेली नाही. डेलावेअरमधील दुसऱ्या एका ब्रीडरने मात्र न मागता ओएफए क्रमांक पाठवले आणि उलट आमचीच चौकशी केली: दिवसभर घरी कोण असते, मुले पिल्लाला कसे उचलतात, सासूबाईंना कुत्र्याचा धाक वाटतो का. (वाटतो, देवघराची चौकट त्याने ओलांडायची नाही, ही त्यांची अट आहे.) पण पिल्लू आम्ही निवडायचे नाही, ते सात आठवड्यांचे झाल्यावर आपण सुचवू, असे त्या ब्रीडरबाई म्हणतात. हे रीतीला धरून आहे का?

ओसरी:
होय, आणि मला तर ते चांगलेच लक्षण वाटते. तुम्ही पिल्लांना तासभर पाहणार, तर तिने ती रात्रंदिवस पाहिलेली असतात. सर्वांत आधी धावत येणारे पिल्लू मुलांना हमखास आवडते, पण तेच पुढे पाच वर्षांच्या मुलाला पाडून पायजमा ओढत नेते. तुमच्या घरासाठी मधल्या स्वभावाचे मागा: भांडे पडल्याच्या आवाजाने दचकेल, पण लगेच सावरून काय पडले ते हुंगायला जाईल असे. चौकटीचे म्हणाल, तर पहिल्या दिवसापासून तेथे लहान मुलांसाठीचे फाटक लावा. सासूबाईही निश्चिंत राहतील. आणि करारात, काही कारणाने कुत्रा ठेवता आला नाही तर तो कोणत्याही वयात ब्रीडर परत घेईल, हे कलम आहे का ते पाहा.