मोगऱ्याचा ताण आणि वहीतील नोंद

मोगऱ्याची छाटणी दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच करावी आणि बागेच्या वहीत तेवढी तारीख लिहावी, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून छाटणी हवीच. परंतु तिच्याआधी पाणी किती दिवस तोडले होते, ही नोंद अधिक मोलाची आहे. विदर्भातील वरुड-मोर्शी भागातील संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) झाडांना ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, तेव्हा हलक्या जमिनीत तो साधारण महिनाभरात बसतो, तर भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकत असल्याने दोन महिन्यांपर्यंत थांबावे लागते.

आमच्या अंगणातही मी हाच हिशेब लावतो: काळ्या मातीतील मोगऱ्याचे पाणी डिसेंबरमध्येच तोडतो, मुरमाड कोपऱ्यातील झाडांचे जानेवारीत, आणि पाने पिवळी पडून गळू लागली की छाटणी करून, शेणखत घालून ओलित सुरू करतो. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाल्यास तोही वहीत अवश्य लिहावा, कारण एका चांगल्या सरीनेही ताण तुटतो आणि बहर का लांबला, हे नंतर त्या नोंदीवरूनच कळते. कुंडीतील मोगऱ्याला मात्र एवढा ताण सोसत नाही.