खडकाळ किनाऱ्याने पायी जाऊन स्नॉर्केलिंग करण्याबाबत मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आम्ही दादरचे चौघेजण डिसेंबरमध्ये मालवणला जाणार आहोत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे प्रवाळ होडीने जाऊन पाहूच. परंतु भोगवे ते निवती हा किनारा खडकांवरून पायी चालत जाऊन, वाटेत एखाद्या शांत, उथळ जागी पाण्यात उतरावे, अशी माझ्या मुलीची फार इच्छा आहे. मागे वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर ओहोटीत फिरताना कालवांच्या धारेने तिची टाच रबरी चपलेच्या कडेवरून चिरली होती, त्यामुळे पायात नेमके काय घालावे, याची मला खरी काळजी आहे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी अधिक चढते, हे पाहता कोणती तिथी निवडावी? मध्येच पाणी चढल्यास सड्यावर (किनाऱ्यालगतच्या उंच कातळी पठारावर) जाणारी पायवाट कुठे सापडेल? सोबतीला गावातील एखादे जाणते मच्छीमार मिळतील का?