मदत हवी आहे: ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ म्हणजे नेमकं काय समजायचं?

ताईला स्तनाचा कॅन्सर आहे. तिच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ आलंय. आई म्हणाली, “निगेटिव्ह ना? मग चांगलंच की.” तिला काय सांगावं सुचेना. उपचार सुरू आहेत, डॉक्टरांवर भरवसा आहे, त्यामुळे औषधांचा सल्ला नकोय. ही एक ओळ समजून घ्यायची आहे.

आतापर्यंत कळलं ते असं. ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. बाहेरची टोकं एकमेकांत गुंततात, त्याला कॅल्शियम लागतं. आतलं टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. लोब्युलर प्रकारात बहुतेकदा ई-कॅडहेरिन बनवणारं सीडीएच१ जनुक बिघडतं आणि ही पकडच जाते. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी स्लाइड दाखवली: पेशींचा गोळा कुठेच नाही, मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगा. ताईच्या हाताला गाठ का लागली नाही, ते तिथे उमगलं. मॅमोग्राममध्येही हा प्रकार निसटू शकतो म्हणे.

पण डक्टल या स्तनाच्या कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकारात ई-कॅडहेरिन बहुधा शाबूत असतं, तरी तोही पसरतोच. उंदरांवरच्या प्रयोगांत तर रक्तातून घोळक्याने जाणाऱ्या पेशी एकट्या पेशींपेक्षा नव्या जागी जास्त रुजल्या. मग चिकटून राहणं कॅन्सरला अडवतं की उलट साथ देतं? की निसटताना एक आणि रुजताना दुसरं?

आणखी एक. आधार सुटलेली निरोगी आवरण-पेशी आपोआप मरते, त्याला अनॉइकिस म्हणतात. मग या सुट्या पेशी जगतात कशा? रिपोर्टमध्ये पुढे ‘पी१२० कॅटेनिन सायटोप्लाझमिक’ असंही आहे. पकड गेल्यावर पी१२० हे कॅटेनिन पेशीच्या पडद्यापासून सुटून पेशीच्या आत पसरतं, इथवर समजलं. पेशीला तगवण्यात त्याचाच हात आहे का?

शेवटचं विचारताना खरंच पोटात गोळा येतो. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत सीडीएच१चा जन्मजात बिघाड सापडला. त्यांच्यात जठराचा कॅन्सर पिढ्यानपिढ्या होता. आमच्याकडे तो कुणाला झालेला नाही. तरी ताईचा बिघाड फक्त गाठीपुरता आहे की जन्मजातच, हे तपासून घ्यायला सांगतात का? तिला दोन मुली आहेत.

पॅथॉलॉजी किंवा जनुकशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. कठीण असलं तरी चालेल, मी पुन्हा पुन्हा वाचेन.